पुष्करचं पाणी

नैलधार, १८ जानेवारी

श्रीमान मातबर सिंह भंडारी, सध्या वस्ती फरीदाबाद, यांस सप्रेम तक्रार विशेष.

आपल्या माल्ट्याच्या झाडानं जो उपद्रव मांडला आहे तो यापुढे सोसणं मला आणि माझ्या छपराला, दोघांनाही अशक्य झालं आहे. मुळं आपल्या अंगणात, खोड आपल्या हद्दीत. फांद्यांनी मात्र भिंत ओलांडून माझ्या पाटीदगडाच्या छपरावर राज्य थाटलं आहे. फळं दिसायला संत्र्यासारखी, चवीला आंबट. इतकी आंबट, की वानरंसुद्धा एक घास घेऊन तोंड वाकडं करतात आणि उरलेलं माझ्या दिशेनं फेकतात. सकाळी संध्येला बसावं, आचमनाला पाणी घ्यावं, 'केशवाय नमः' म्हणावं, की टाळूवर बी. माधवापर्यंत मी कोरडा पोचलो असा दिवस या महिन्यात उजाडलेला नाही.

रीतसर अर्ज घेऊन मी बोडीकडे गेलो. तुझी आई अंगणात उन्हाला बसून भट्टाचे दाणे निवडत होती.

'बोडी, फांद्या छाटू दे.'

'मातबर येईल तेव्हा छाटील.'

'तो दिवाळीला येतो, चार दिवस राहतो आणि भिंतीच्या या बाजूला मान वळवत नाही. फांद्या त्याला दिसणार कशा?'

'मग तुझ्या भिंतीला सांग, जरा ठेंगणी हो म्हणून.'

खटला तिथेच निकालात निघाला. माझ्या पिशवीत दोन शेर माल्टे कोंबून तिनं मला परत पाठवलं.

इथवर थोडं 'आपण'पण सांभाळलं ते तक्रारीचा मान राखायला. आता नेहमीसारखं लिहितो. अक्षर वाकडं वाटेल. थंडी फार आहे, आणि हे पेन शिक्षकदिनाला फुकट मिळालेलं, त्यामुळे त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा नाही. डाग चहाचा आहे. कप काठोकाठ भरायची बिंदीची, तुझ्या वहिनीची, खोड तुला ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट किरकोळ. यंदाही फुलदेईच्या सणानंतरच्या रविवारी पलटन-डांड्यावर चढायचं आहे. तू विसरला असशील म्हणून नियमांची उजळणी करतो. मास्तरकी अंगात मुरली की माणूस आठवणीसुद्धा धडे घेतल्यासारख्या सांगतो. पहिल्या जर्मन लढाईतून आलेल्या पत्रांत होतं ना, की आपली पोरं मरताना गावच्या झऱ्याच्या धारेचं पाणी मागत होती. तेव्हापासून प्रत्येक घर त्या धारेवर कळशी भरतं आणि डांड्यावर आपल्या माणसाच्या नावावर नेऊन ओततं. आडवी शिळा, तिच्यात कोरलेली नावं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पाण्यानं भरली पाहिजेत. धारेपासून शिळेपर्यंत कळशी जमिनीला टेकता कामा नये. आणि ती न्यायची घरच्यानं, नाहीतर घरच्यानं भरून आपल्या हातानं ज्याच्या हातात दिली त्यानं.

माझ्या हक्काबद्दल वाद नाही. भंडाऱ्यांची कळशी तूच माझ्या हातात दिली होतीस, आठवीत असताना, बुटाची नाडी बांधायला वाकलास तेव्हा. त्या नाडीच्या बळावर तुझ्यामागे इतकी वर्षं तुझ्या धाकट्या भावाचं, पुष्करचं पाणी मी नेतो आहे. एका हातात माझ्या घरची, दुसऱ्या हातात तुमची.

पण दोन्ही हात गुंतले तर माणसानं दम कसा घ्यावा, नाक कसं शिंकरावं? आपण दोघं होतो तेव्हा तुझी मी धरायचो, माझी तू. तू गेल्यावर मी शास्त्रार्थ केला. भूमिस्पर्श निषिद्ध आहे. वृक्षस्पर्शाविषयी शास्त्र गप्प आहे. म्हणून 'आई-गं'च्या चढणीच्या माथ्यावर जो लाल फुलांचा म्हातारा बुरांश होता, त्याची मी तुझ्या जागी नेमणूक केली. त्याच्या बेचक्यात दोन्ही कळश्या अडकवायच्या आणि खाली बसायचं. सहकारी म्हणून तो उत्तम. तुझ्यापेक्षा कमी बोलायचा, आणि फुलायचाही.

गेल्या जेठात जंगलाला आग लागली त्यात तो गेला. बुंधा उरला आहे, काळा, माझ्या गुडघ्याएवढा.

तेव्हा जागा रिकामी आहे. पगार नाही. अनुभवी उमेदवाराला प्राधान्य.

तुझा,
चक्रधर


नैलधार, १० फेब्रुवारी

मातबर,

तुझं उत्तर बोडीच्या फोनवरून पोचलं. काल दिवेलागणीला ती भिंतीपाशी येऊन ओरडली, 'ए चक्रू, मातबर म्हणतो पंडताला सांग, बघू!'

बघू. आमच्या शाळेत एका सूत्रावर तीन टीका आणि टीकांवर टिप्पण्या शिकवत. पण एवढ्या थोडक्यात एवढं काही न सांगणं त्या सूत्रकारांना जमलं नव्हतं. कोण बघणार, काय बघणार, कधी बघणार? बोडीला म्हटलं, 'याचा अर्थ काय?' ती म्हणाली, 'लहानपणी आंघोळ कर म्हटलं की हेच म्हणायचा.' 'मग करायचा का?' 'मारल्यावर.'

तुला पत्र लिहायला बसलो की फोनवर का बोलत नाहीस असं बिंदी विचारते. फोनवर तू 'हो, हो' म्हणतोस आणि माझं वाक्य संपायच्या आत तुझ्या कारखान्याचा भोंगा वाजतो. कागदाला भोंगा नाही. शिवाय पत्र अर्धवट ठेवून शेकोटीला हात धरून येता येतं. यंदा थंडीनं हातांचा पिच्छा धरला आहे. वर्गात फळ्यावर 'शार्दूलविक्रीडितम्' लिहिलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, 'गुरुजी, यातला वाघ चांगलाच उड्या मारतोय.' अख्खा वर्ग हसला. मीही हसलो.

परवा चिडाच्या झाडांच्या वाळक्या सुया गोळा करायला ओढ्यापर्यंत गेलो होतो. तिथे बसल्यावर पुष्कर आठवला. तो तुझ्या सदऱ्याचं टोक धरून आपल्याबरोबर पहिल्यांदा डांड्यावर आला ते वर्ष. आपण आठवीत, तो पहिलीत. गळ्यात बोडीनं बांधलेला ताईत, नाकाला शेंबूड आणि तोंडाची टकळी अखंड. 'दादा, डांड्यावर खरंच बंदूक आहे? दादा, मेलेले सैनिक वाघाला घाबरतात? दादा, तहान लागली.' नावाचा अर्थ तळं, आणि घसा सदा कोरडा.

'आई-गं' चढून आपण बुरांशाखाली टेकलो. तुझी कळशी मी धरली होती. माझी तू धरली होतीस. मग तुला लघवीला जायचं झालं, तेव्हा तू माझी त्याच्या हातात दिलीस. 'पुष्क्या, धर. टेकवलीस तर कान उपटीन.' परत आलास तर तो कळशी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा, जमिनीला टेकू न देता, अगदी शहाण्यासारखा. फक्त कळशीचा आवाज बदलला होता. तू हलवून पाहिलीस. माझ्या पणजोबांच्या भावाचं, फ्रान्सच्या मातीत पडलेल्या हवालदार गोवर्धन थपलियालांचं पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं.

'प्यायलास?'

'थोडंसंच.'

'अरे ते मेलेल्याचं होतं!'

'मग त्यांना कुठे कळणार आहे?'

पुढे मी न्यायशास्त्र शिकलो, पण इतका नेटका युक्तिवाद तिथेही भेटला नाही. आपण ओढ्याच्या पाण्यानं कळशी भरली आणि शपथा घेतल्या. डांड्यावर म्हातारे सुभेदार शिळेपाशी उभे. प्रत्येक कळशी उचलून बुडाखालून तळवा फिरवायचे, माती लागली आहे का ते बघायला. माझ्या कळशीला माती नव्हती. तळवा फिरवून झाल्यावर त्यांनी पुष्करकडे पाहिलं. त्याची हनुवटी ओली, सदऱ्याचा पुढचा भाग ओला, ताईतसुद्धा ओला.

'हं,' सुभेदार म्हणाले, 'चला, एकाची तरी तहान भागली.'

आणि बाजूला होऊन वाट दिली.

माझ्या मनात ती वाट अजून तशीच आहे. उतरताना तू त्याला पाठुंगळी घेतलंस, तो झोपला, आणि त्याचा बूट कुठे पडला ते शोधत आपण सूर्य बुडेपर्यंत फिरलो. बूट सापडला नाही. बोडीनं तिघांनाही फटके दिले. मी परक्याचा मुलगा म्हणून मला एक जास्त.

आता दुसरं वर्ष. ते तू विसरला नसशील. कारगिलनंतरचा पहिला चैत्र. शिळेवरचं पुष्करचं नाव नवंकोरं, अक्षरांच्या कडांना अजून दगडाची पूड. त्याच बुरांशाखाली मी सवयीनं काहीतरी श्लोक पुटपुटत होतो आणि तू म्हणालास, 'बंद कर, पंडत. त्याला गोळी लागली. तहान नव्हती लागली. हे पाणी कशाला?' आणि कळशी जमिनीवर ठेवलीस. आपटली नाहीस. नीट ठेवलीस, कलंडू नये म्हणून दगडाला टेकवून. मग पलीकडच्या उतारानं बसच्या रस्त्याला लागलास. मी हाका मारल्या, तू वळला नाहीस.

पुढचं तुला कोणी सांगितलं नसावं, कारण पाहणारा कोणी नव्हता. माझी कळशी मी बुरांशाच्या बेचक्यात अडकवली. त्याची नेमणूक झाली ती तेव्हाच. तुमची घेऊन खाली धारेवर गेलो, ओतली, पुन्हा भरली आणि पुन्हा चढलो. परतल्यावर बोडीनं विचारलं, 'अक्षरं भरली?' म्हटलं, 'भरली. मातबर वरूनच बस पकडायला गेला, रजा संपली होती.' अक्षरं खरंच भरली होती. तुझ्या मनात ते वर्ष कोरडं राहिलं असेल तर ते काढून टाक. एकही वर्ष कोरडं गेलेलं नाही.

आणि तुझ्या त्या 'कशाला'चं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. परवा ओढ्यापाशी सुचलं. अरे, पुष्करला कधी तहान लागलेली नव्हती?

चक्रधर


नैलधार, २७ फेब्रुवारी

मातबर,

आज रंगीत तालीम झाली. बिंदी म्हणाली, 'बुरांश नाही, तर मी येते. आधी एकदा चढून बघू, जमतं का.' मी म्हटलं, 'तू आपल्या घरची कळशी ने, तुझा हक्कच आहे. भंडाऱ्यांची मात्र मलाच धरावी लागणार. तुला ती कोणी भंडाऱ्यानं दिलेली नाही.'

'काय हो तुमचं शास्त्र! बायकोच्या हातात मुलं चालतात, कळशी चालत नाही.'

'शास्त्र माझं नाही.'

'वृक्षाच्या वेळी बरं तुमचं झालं होतं!'

तीस वर्षांच्या सहवासात हिनं माझ्याकडून तर्क सोडून दुसरं काही उचललं नाही.

तालमीला धारेचं पाणी नको म्हणून नळाचं भरलं. वाट तीच आहे, माणसंच कमी. शाळेमागून वर निघालं की पूर्वी घराघरांतून कोणी ना कोणी म्हणायचं, 'ए पोरांनो, माझीही धरा रे जरा.' आता कुलपं. चिडाच्या सुयांवरून पाय घसरतात. आगीनंतर खाली झुडूप उरलं नाही, त्यामुळे धरायला काही नाही. 'आई-गं'च्या पायथ्याशी मी बिंदीला म्हटलं, इथून बोलायचं नाही, श्वास राखायचा. ती चढणभर बोलत होती आणि माझ्या पुढे होती.

माथ्यावर काळा बुंधा. त्याच्या मुळाशी बोटभर कोंब आला आहे, तांबूस. तो कळशी धरण्याजोगा होईपर्यंत आपली नातवंडं पेन्शनीत निघतील.

तिथे मी कळशीत डोकावलो. निम्मी होती. वर पोचलो तेव्हा ओंजळभर. बिंदीची गळ्यापर्यंत भरलेली, पाण्यावर ठेवलेलं पानसुद्धा हललेलं नाही.

माझं म्हणणं असं की भंडाऱ्यांच्या कळशीला पोचा आहे. काठाजवळ, डाव्या अंगाला. तो तुझ्याच हातून पडला होता, विहिणीला पाणी देताना. पोच्यामुळे कळशी कलते, कलल्यामुळे पाणी उसळतं. कारण आणि कार्य यांचा संबंध इतका स्पष्ट असताना बिंदी उतरायला लागली. उतरताना तिनं माझा सदरा पाहिला. छातीपासून खाली सगळा भिजला होता.

'पुष्करसारखे झालात,' ती म्हणाली. पण हसली नाही.

घरी आलो तर बोडी भिंतीपाशी उभी. तिला सगळं दिसतं. मोतीबिंदू फक्त डॉक्टरांना दाखवायला ठेवला आहे. मला बोलावून बसवलं. गूळ आणि चहा आणला. कप अर्धाच भरला होता.

'बोडी, चहा महाग झाला का?'

'पी.'

मी प्यायलो. दोन्ही हातांनी. ती बघत राहिली.

'चक्रू, कधीपासून?'

'काय कधीपासून?'

'मला शिकवू नको. तुझा शेंबूड पुसलाय मी.'

मी म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, 'थंडी मलाही आहे.' मग आपला हात पुढे केला. ऐंशीच्या घरातला, शिरा उठलेला, सुरकुतलेला. काठीसारखा स्थिर. धरून ठेवला माझ्या डोळ्यांपुढे, बराच वेळ.

'कळशीला पोचा आहे,' मी म्हटलं.

'आहे,' ती म्हणाली. 'मातबरला कोण सांगणार, तू की मी?'

'पोच्याबद्दल?'

'हो रे बाबा, पोच्याबद्दल.'

मी सांगतो म्हटलं. सांगितलं. पोचा डाव्या अंगाला आहे.

चक्रधर


नैलधार, ७ मार्च

मातबर,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत त्याची लाज वाटू लागली. हे लिहायला तीन दिवस लागले. एका बैठकीत चार ओळी होतात. मग अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि मी उठतो. या पत्रात माल्टा नाही, पेन नाही, पोचा नाही.

गेल्या पावसाळ्यापासून माझे हात थरथरतात. आधी उजवा, आता दोन्ही. देहरादूनच्या डॉक्टरांना दाखवलं. तरुण आहेत, गोड बोलतात. म्हणाले, गोळ्यांनी वाढ सावकाश होईल, आजार जाणार नाही. नाव सांगितलं, इंग्रजी. त्याला संस्कृत प्रतिशब्द आहे, कंपवात. मी तो त्यांना सांगितला. ते म्हणाले, 'वा, किती अर्थपूर्ण!' मलाही क्षणभर बरं वाटलं, जणू शब्द सापडला म्हणजे औषधही सापडेल.

बुरांश जळला हे खरं. पण तो उभा असता तरी यंदा मी तुला लिहिलं असतं. त्याच्या बेचक्यात कळशी अडकवायला हात तिथवर स्थिर न्यावे लागतात.

घोटभर पाणी उरलं तरी चालेल, असं बिंदी म्हणते. मी शिळेपाशी बसून मनातल्या मनात मोजलं. ओंजळभर पाण्यात 'पुष्कर' भरेल कदाचित. 'सिंह' अर्धा. 'भंडारी'पर्यंत पोचणार नाही. आणि खाली आल्यावर बोडी विचारणार, अक्षरं भरली? अक्षरांबाबत तिला आजवर मी खोटं सांगितलेलं नाही. जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं, एवढंच. यंदा तेवढ्यावर भागणार नाही.

पोरगा बंगळूरहून म्हणाला, 'बाबा, झाकणाच्या बाटलीत न्या ना.' वाईट बोलला नाही. पण कळशी उघडी नेतात ती का, हे मला त्याला सांगता आलं नाही. सांडू नये म्हणून जी काळजी घ्यावी लागते तीच तर आपण वर नेतो. पाणी डांड्यावर पावसाचंही असतं. हे मी फोनवर बोलणार होतो, तोवर त्याची कसलीशी मीटिंग सुरू झाली.

तू ये असं म्हणणं म्हणजे तुला पुन्हा त्या बुंध्यापाशी उभं करणं, हे मला समजतं. तिथे आता सावली नाही, फुलं नाहीत, तुझ्या बोलण्याची जागा ओळखूसुद्धा येणार नाही. श्लोक म्हणणार नाही. वाटल्यास तोंडात माल्टा धरून चढेन. तू कळशी घेऊन वर जायलाच हवं असंही नाही. धारेवर ये, ती भर, आणि आपल्या हातानं बिंदीच्या हातात दे. एवढ्यानं नियम राहतो. बोडीच्यानं धारेपर्यंत जाणं आता होत नाही. मग संध्याकाळच्या बसनं परत जा. मी रजा संपली म्हणून सांगेन, सराव आहे.

मला वाटलं होतं शेवटी काहीतरी विनोद सुचेल. दोन दिवस वाट पाहिली.

मरायचं भय वाटत नाही असं लिहिणार होतो. वाटतं, पण ते रोजच्या कामांत मागे पडतं. शाळा सोडावी लागेल, तेही पचेल. मला एकाच गोष्टीची काळजी आहे, मातबर. रविवारी मी डांड्यावर पोचेन, कळशी जमिनीला टेकलेली नसेल, बुडाला माती नसेल, आणि आत पाणी नसेल. पुष्करचं नाव कोरडं राहील, आणि ते माझ्या हातांनी राहिलेलं असेल.

चक्रधर